गिरणीच्या मोटरचं बेअरिंग दर तीन महिन्यांनी जातंय? जुनं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी उघडून बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. १० एचपीची थ्री-फेज मोटर, १४४० आरपीएम, पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी. पुलीच्या बाजूने आधी बारीक घरघर सुरू होते, आठवड्याभरात तिचा खडखडाट होतो आणि मोटरच्या कव्हरला हात लावता येत नाही. बेअरिंग बदललं की मोटर गुपचूप चालते, पण अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. मग दुसऱ्या कंपनीचं बेअरिंग टाकून बघतात, महागातलं टाकून बघतात, आणि फरक पडला नाही की ‘आजकाल मालच तसा येतो’ म्हणून गप्प बसतात.

नकली माल बाजारात आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण एकाच जागेवर लागोपाठ तीन बेअरिंगं गेली असतील तर चूक त्या जागेत शोधायला हवी. शाफ्ट, हाऊसिंग (बेअरिंग ज्या गोल जागेत बसतं ती), पट्टा, धूळ, ग्रीस आणि बसवणाऱ्याचा हातोडा, संशयित एवढेच. यातला कोण, हे गेलेलं बेअरिंगच सांगतं. नेमकं तेच फिटर आल्याआल्या भंगाराच्या डब्यात टाकतो, आणि पुढचं बेअरिंगही त्याच वाटेने जातं.

आधी थोडा हिशेब

बेअरिंग घर्षण कमी करतं म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे गोळ्या नसलेल्या साध्या नळीत, घासत फिरतो तेव्हा, वंगण जेमतेम असेल तर, घर्षणाचा गुणांक ०.१ च्या आसपास असतो. बॉल बेअरिंगमध्ये गोळ्या खोबणीतून घरंगळतात, आणि तिथे तो साधारण ०.००१५ असतो. ४० मिमीच्या शाफ्टवर २०० किलोचा भार आणि १४४० आरपीएम धरले, तर बुशमध्ये सुमारे ६०० वॅट उष्णता तयार होईल आणि बॉल बेअरिंगमध्ये सुमारे ९ वॅट. यात ग्रीस घुसळण्याचं आणि सीलचं थोडं घर्षण मिळवा, तरी एकूण आकडा लहानच राहतो. म्हणून कव्हर चटका देत असेल तर ‘लोड जास्त आहे’ एवढ्यावर थांबू नका. आत कुठेतरी घरंगळणं सुटून घासणं सुरू झालेलं आहे.

आता आयुष्याचा हिशेब. या मोटरमध्ये बनावटीप्रमाणे ६२०८ किंवा ६३०८ असतं. नंबरातला पहिला ६ म्हणजे खोल खोबणीचं बॉल बेअरिंग, दुसरा आकडा जाडीरुंदीची मालिका आणि शेवटचे दोन आकडे गुणिले ५ म्हणजे आतलं भोक, इथे ४० मिमी. ६३०८ चं माप ४० × ९० × २३ मिमी, तर ६२०८ चं ४० × ८० × १८ मिमी. ६३०८ ची भारक्षमता सुमारे ४१ किलोन्यूटन. बॉल बेअरिंगचं आयुष्य काढायचं तर क्षमतेला भाराने भागायचं आणि उत्तराचा घन करायचा, म्हणजे तेवढे दशलक्ष फेरे. १४४० आरपीएमला तासाला ८६,४०० फेरे होतात.

पट्ट्यामुळे पुलीकडच्या बेअरिंगवर २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलोचा भार येतो असं धरू. उत्तर येतं जवळपास एक लाख तास. गिरणी दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालली तरी हे चाळीस वर्षं होतात. शंभरातली नव्वद बेअरिंगं निदान एवढी चालावीत असा या आकड्याचा अर्थ आहे. पट्टा दुप्पट ताणला तर आयुष्य आठपट घटतं, तरीही पाच वर्षं हातात राहतात. तीन महिन्यांत, म्हणजे ६०० तासांत, फक्त भाराने बेअरिंग संपवायचं तर त्यावर सुमारे ११०० किलो भार हवा. कुठलीच गिरणी एवढा भार टाकत नाही.

हा हिशेब बेअरिंग स्वच्छ आहे, नीट बसलंय आणि आत वंगण आहे असं धरून केलेला असतो. तीन महिन्यांत जाणाऱ्या बेअरिंगच्या बाबतीत यातली एखादी अट मोडलेली असते. ती कोणती, एवढंच शोधायचं आहे.

खोलण्याआधी पाच मिनिटं

मोटर चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आधी पुलीकडच्या आणि मग पंख्याकडच्या बेअरिंगच्या जागेवर टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. फिरत्या पुलीपासून आणि पट्ट्यापासून हात, बाही, उपरणं लांब ठेवा. नंतर मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, पट्टे उतरवा, फ्यूज परत लावा आणि मोटर मोकळी चालवून पुन्हा ऐका. पट्टे उतरवल्यावर आवाज पूर्ण गेला तर मोटर खोलायची घाई करू नका. आधी पट्ट्याचा ताण, पुलीची सरळ रेषा आणि दगडाच्या शाफ्टची बेअरिंगं तपासा. आवाज तसाच राहिला तर दोष मोटरमध्येच आहे.

घरघर आणि किंचाळणं यांतही फरक आहे. एकसारखी घरघर ऐकू येत असेल तर खोबण खरवडलेली असते. थंडीत सकाळी सुरू करताना येणारी आणि पाच मिनिटांत जाणारी शिट्टी बहुतेकदा घट्ट किंवा सुकलेल्या ग्रीसची असते. ठरावीक लयीत टकटक येत असेल तर खोबणीत खड्डे आहेत किंवा एखादी गोळी फुटली आहे.

जुनं बेअरिंग कसं वाचायचं

बेअरिंग पुलरने काढा. छिन्नी मारून काढलं तर जुन्या खुणांवर नव्या खुणा चढतात आणि मग काहीच कळत नाही. काढताना पुलीकडची बाजू कोणती आणि वरचा भाग कोणता, त्यावर रंगाने खूण करा.

धुण्याआधी ग्रीस बोटांत चोळून बघा. कणकेसारखा गोळा होत असेल तर पीठ आत गेलंय. कचकच लागली तर दगडाची भुकटी आहे. दुधाळ पांढरं असेल तर पाणी शिरलंय. काळं, कडक आणि जळका वास असलेलं असेल तर ग्रीस तापून करपलंय.

मग बाहेरचे दोन पृष्ठभाग बघा. आतल्या रिंगचं भोक आरशासारखं घासलेलं किंवा लालसर-तपकिरी डागांनी भरलेलं असेल तर रिंग शाफ्टवर फिरत होती. बाहेरच्या रिंगच्या पाठीवर तशीच चकाकी असेल तर ती हाऊसिंगमध्ये फिरत होती.

आता उघडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. रिंग कडक पोलादाची असते, तिच्यावर हातोडा मारला की कपचा उडतो. पत्र्याच्या जाळीचे रिव्हेट ड्रिलने उडवून जाळी काढा, सगळ्या गोळ्या एका बाजूला गोळा करा, म्हणजे आतली रिंग विरुद्ध बाजूला सरकून बाहेर येते. ६३०८ मध्ये साधारणपणे आठ गोळ्या असतात. सगळं रॉकेल किंवा डिझेलने धुऊन भिंग घ्या आणि खोबणीत गोळ्यांनी उमटवलेला पट्टा शोधा. निदान या पट्ट्यावरूनच होतं.

पट्ट्यावर चालणाऱ्या मोटरमध्ये सगळं ठीक असेल तर आतल्या रिंगवर खोबणीच्या मधोमध पूर्ण गोलाकार पट्टा दिसतो आणि बाहेरच्या रिंगवर तो फक्त ओढ येते त्या बाजूला, अर्ध्यापेक्षा कमी भागात दिसतो. बाहेरच्या रिंगवरही पट्टा पूर्ण फेरीभर आणि रुंद असेल तर बेअरिंग आतून आवळलं गेलं होतं. खोबणीतला पट्टा मधोमध नसून एका कडेला सरकला असेल तर शाफ्ट आडवा रेटला जात होता. तिरका गेला असेल तर शाफ्ट आणि हाऊसिंग एका रेषेत नव्हते. बरोबर गोळ्यांच्या अंतरावर आठ खळगे दिसले तर बसवताना हातोडा गोळ्यांवरून गेला. त्याच अंतरावर गंजाच्या उभ्या रेघा असतील तर बंद मोटरमध्ये ओल राहिली होती. पट्टा राखाडी आणि काचेवर सँडपेपर मारल्यासारखा असेल तर धूळ, निळा-तपकिरी असेल तर वंगण संपलं होतं.

हे एकदा नीट पाहिलं की पुढे कुठल्या भागाकडे जायचं ते ठरतं.

सर्वांत जास्त सापडणारं कारण: शाफ्ट झिजलेला

वारंवार बेअरिंग जाणाऱ्या मोटरमध्ये सगळ्यात आधी शाफ्ट मोजा. शाफ्ट हाताने चाचपून किंवा साध्या व्हर्नियरने मोजून काही कळत नाही. २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर घ्या, बेअरिंगच्या जागेवर तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. ४० मिमीच्या बेअरिंगसाठी शाफ्ट ४०.००२ ते ४०.०१३ मिमी हवा, फार तर ४०.०१८. बेअरिंगचं भोक मुळात ४० पेक्षा १२ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) लहान बनवलेलं असतं, त्यामुळे रिंग शाफ्टवर आवळून बसते. नवं बेअरिंग हाताने सरकत आत गेलं तर ‘मस्त बसलं’ असं समजू नका, तो शाफ्ट संपला आहे.

एवढी घट्ट बसण कशासाठी? पट्ट्याची ओढ एकाच दिशेने असते आणि शाफ्ट फिरतो, त्यामुळे आतल्या रिंगचा प्रत्येक बिंदू भाराखालून जातो. रिंग किंचित सैल असली की ती मनगटातल्या सैल बांगडीसारखी शाफ्टवर सरकत राहते. समजा सैलपणा फक्त ०.०२ मिमी आहे. घेरात तो ०.०६३ मिमी होतो. दर फेऱ्याला रिंग एवढी मागे पडते. तासाला ८६,४०० फेरे म्हणजे रिंग शाफ्टवर तासाला जवळजवळ साडेपाच मीटर घासते, तेही ग्रीसशिवाय. त्या घासण्याने शाफ्ट आणखी झिजतो, लाल भुकटी निघते, भुकटी बेअरिंगमध्ये जाते, रिंग तापते. पुढचं बेअरिंग मागच्यापेक्षा लवकर जातं ते यामुळे.

यावर गावोगाव दोन उपाय केले जातात, आणि तेच तीन महिन्यांच्या चक्राला कारणीभूत ठरतात. एक म्हणजे शाफ्टवर पंच मारून बारीक उठाव काढणं. बेअरिंग त्या दिवशी घट्ट बसतं, पण रिंग फक्त त्या टोकांवर टेकलेली असते. टोकं काही आठवड्यांत चेपतात आणि सैलपणा परत येतो. दुसरा म्हणजे पत्र्याची किंवा कॅनची पट्टी गुंडाळणं. पट्टीचा सांधा जिथे येतो तिथे रिंग लंबगोल होते, आणि शाफ्टचं केंद्रही सरकतं. हे दोन्ही करू नका, आजची गिरणी उद्या सुरू करायची घाई असली तरी.

झीज ०.०५ मिमीच्या आत असेल तर लॉक्टाइट ६४१ सारखं बेअरिंग बसवायचं कंपाऊंड चालतं. शाफ्ट आणि भोक दोन्ही थिनरने ग्रीसमुक्त करून कोरडे करा, शाफ्टवर पातळ थर लावा, बेअरिंग थंडच बसवा, वर आलेलं पुसून टाका आणि रात्रभर हलवू नका. एक थेंबही गोळ्यांकडे जाता कामा नये. झीज त्याहून जास्त असेल तर लेथवाल्याकडे शाफ्ट वेल्डिंगने भरून टर्निंग करून घ्या, आणि शक्य असेल तर शेवटचं माप ग्राइंडिंगवर काढा. भरताना थोडं एका बाजूला, थोडं समोरच्या बाजूला असं भरायला सांगा, नाहीतर शाफ्ट वाकतो. काम परत आलं की मायक्रोमीटरने स्वतः मोजा आणि शाफ्ट सेंटरवर फिरवून डायल गेज लावून तो वाकलेला नाही ना ते बघा.

बाहेरची रिंग फिरत असेल तर हाऊसिंग मोजा. ९० मिमीच्या बेअरिंगला हाऊसिंग ९०.००० ते ९०.०३५ चालतं. इथे बसण थोडी सैलच असते, बेअरिंग हाताच्या दाबाने जायला हवं. मोठं झालं असेल तर कव्हर बोअर करून बुश मारून घ्या, आणि बोअर करताना कव्हरची खाच धरून केंद्र काढायला सांगा.

सी३ का मागायचं

बेअरिंगमध्ये गोळ्या आणि खोबण यांच्यामध्ये मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते. ४० मिमीच्या साध्या बेअरिंगमध्ये ती ६ ते २० मायक्रॉन असते आणि सी३ मध्ये १५ ते ३३. शाफ्टवर घट्ट बसवल्यावर आतली रिंग फुगते आणि १० ते २० मायक्रॉन ढिलाई तिथेच संपते. मोटर तापली की आतली रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा गरम राहते, त्यात आणखी काही मायक्रॉन जातात. साध्या ढिलाईच्या बेअरिंगमध्ये उरतं काय? गोळ्या दोन्हीकडून आवळल्या जातात, आणि खोबणीत तो पूर्ण फेरीभर रुंद पट्टा उमटतो. मोटरच्या मूळ बेअरिंगवर सी३ लिहिलेलं असेल आणि दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून साधं दिलं असेल तर परत करा. हातात घेतल्यावर सी३ थोडं जास्त डुगडुगतं, तो त्याचा दोष नव्हे.

बसवताना

बसवायची जागा स्वच्छ हवी, आणि गिरणीच्या खोलीत ती मिळत नाही. बेअरिंग पिशवीतून बसवण्याच्या क्षणीच काढा. नव्या बेअरिंगवरचं तेल धुवायची गरज नाही.

शाफ्टवर दाबून बसवताना दाब फक्त आतल्या रिंगवर यायला हवा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की सगळा मार गोळ्यांमधून खोबणीत जातो. ते आठ खळगे त्याच दिवशी पडतात, तीन महिन्यांनी ते फक्त ऐकू येतात. आतल्या रिंगवर बरोबर टेकेल असा, टोकं सरळ कापलेला पाइपचा तुकडा दुकानात कायम ठेवा.

गरम करून बसवणं सर्वांत चांगलं. ४० मिमीचं भोक ८० अंशांनी जास्त गरम केलं की साधारण ३८ मायक्रॉन मोठं होतं, आणि बेअरिंग शाफ्टवर आपोआप सरकतं. इंडक्शन हीटर नसेल तर उघडं बेअरिंग स्वच्छ तेलाच्या भांड्यात तारेने टांगून, तळाला टेकू न देता, १०० ते ११० अंशांपर्यंत तापवा. १२० च्या वर नेऊ नका. सील असलेलं, ग्रीस भरलेलं बेअरिंग तेलात बुडवायचं नाही. ब्लोलॅम्पची ज्योत बेअरिंगवर कधीच लावू नका, आणि गिरणीच्या खोलीत तर पेटवूच नका. हवेत उडणारं पीठ पेट घेतं आणि बंद खोलीत त्याचा स्फोट होतो. सरकवल्यावर थंड होईपर्यंत बेअरिंग खांद्याला दाबून धरा, नाहीतर थंड होताना ते मागे सरकून फट राहते.

हरवलेला वेव्ह वॉशर

ही बाब छोटी वाटते, पण खोबणीतला पट्टा एका कडेला सरकलेलं बेअरिंग हातात आलं की आधी इकडे बघा. मोटर चालली की रोटर आणि शाफ्ट बॉडीपेक्षा जास्त तापतात. दोन बेअरिंगांमध्ये ३०० मिमी अंतर आणि ४० अंशांचा फरक धरला तर शाफ्ट ०.१४ मिमी लांब होतो. म्हणून एक बेअरिंग जागेवर पक्कं धरलेलं असतं आणि दुसऱ्याची बाहेरची रिंग हाऊसिंगमध्ये सरकायला मोकळी असते, तिच्यामागे नागमोडी वेव्ह वॉशर असतो. रीवाइंडिंगला गेलेल्या मोटरमधून हा वॉशर बऱ्याचदा परत येत नाही, किंवा चुकीच्या बाजूला बसवला जातो. कधी दोन्ही कव्हरं आवळून दोन्ही बेअरिंगं पक्की केली जातात. मग शाफ्टला वाढायला जागा नसते आणि दोन्ही बेअरिंगं एकमेकांना आडवं रेटतात. खोलताना वॉशर कुठून निघाला त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पीठ, दगडाची भुकटी आणि ग्रीस

गोळी आणि खोबण यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो बहुतेक वेळा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. दगडाला टाकी लावताना उडणारा एमरीचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा आणि पोलाद ओरखडण्याइतका कठीण असतो. पीठ तसं मऊ, पण ते ग्रीसमधलं तेल शोषून घेतं आणि ओल धरतं. ग्रीस कोरडं पडतं, आणि मग भुकटीचं काम सोपं होतं.

यासाठी गिरणीत पत्र्याच्या झाकणाचं, म्हणजे झेडझेड बेअरिंग वापरू नका. पत्रा आणि आतली रिंग यांच्यामध्ये फट असते, आणि तिथून पीठ आत जातं. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं २आरएस सी३ घ्या. १४४० आरपीएमला रबर सीलला काही अडचण नाही. ते उघडून ग्रीस भरायचं नसतं. टाकी लावताना मोटर गोणपाटाने झाका आणि काम संपल्यावर झाकण काढायला विसरू नका. ब्लोअरने मोटर साफ करताना हवेचा झोत शाफ्ट बाहेर येतो त्या फटीवर मारू नका, पीठ थेट बेअरिंगमध्ये ढकललं जातं. तिथे ब्रश वापरा.

मोटरला ग्रीस निपल असेल आणि बेअरिंग उघडं असेल तर ग्रीस किती, हा प्रश्न येतो. बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३०८ ला १० ग्रॅम, ६२०८ ला ७ ग्रॅम. तुमच्या ग्रीसगनचे दहा दाब कागदावर काढून वजन करा, म्हणजे एका दाबाला किती येतं ते कळेल. कव्हरमधून ओसंडेपर्यंत भरलं तर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात, तापतात, तेल सुटून वाइंडिंगवर जातं. नव्याने बसवताना बेअरिंग पूर्ण भरा, पण कव्हरमधली पोकळी तिसरा भाग ते निम्मी एवढीच. पिठाच्या धुळीत दर ५०० ते ६०० तासांनी ग्रीस द्या, आणि निपल आधी पुसून घ्या. निपलवर बसलेलं पीठच गनने आत जातं.

ग्रीस लिथियमचं घ्या. दुकानात एपी-३ नावाने मिळतं ते साधारणपणे तेच. बैलगाडीला किंवा चासिसला लावतात ते स्वस्त कॅल्शियमचं ग्रीस ६० अंशांच्या वर टिकत नाही, मोटरमध्ये ते पातळ होऊन वाहून जातं. दोन जातींची ग्रीसं मिसळू नका. जात बदलायची असेल तर जुनं पूर्ण धुऊन काढा.

पट्टा आणि पुली

भाराने बेअरिंग तीन महिन्यांत जात नाही असं वर म्हटलं, पण झिजलेल्या शाफ्टवर आणि धुळीत जास्तीचा ताण काम लवकर संपवतो. १० एचपीला ६ इंची पुलीवर पट्ट्याची कामाची ओढ सुमारे ६५ किलो येते आणि शाफ्टवर एकूण ओढ त्याच्या दीड ते दोनपट. पुली बदलताना कुणी मोटरला ४ इंची लावली तर तीच ओढ दीडपट होते. पुली मोटरच्या बॉडीला जितकी जवळ तितकं बरं. शाफ्टच्या टोकाला लटकवलेली पुली बेअरिंगवर ओढीपेक्षाही जास्त भार टाकते.

बी सेक्शनच्या पट्ट्याचा ताण असा बघा: दोन पुल्यांमधल्या मोकळ्या लांबीच्या मधोमध ताणकाट्याने एक पट्टा आडवा ओढा. दर मीटरला १६ मिमी हलायला २ ते ३ किलो जोर लागला तर ताण बरोबर. ५ किलो लागत असेल तर सैल करा. नवा पट्टा पहिल्या दिवशी थोडा जास्त ताणून चार तासांनी पुन्हा बघायचा असतो. पट्टा घसरतो म्हणून ताणत जाण्याआधी पुलीची खाच बघा. तळाला चमक दिसली तर पट्टा तळाला टेकतोय, पुली झिजली आहे, आणि कितीही ताणलं तरी तो घसरणारच. पट्टे बदलताना सगळे एकदम बदला. पुल्यांची रेषा सुतळी ताणून दोन्ही पुल्यांच्या तोंडावर चार ठिकाणी टेकते का ते पाहून जुळवा.

दगडाच्या बाजूची बेअरिंगं

इथे ब्लॉकमधलं यूसी मालिकेचं बेअरिंग असेल, समजा यूसीपी २०८, तर त्याची बाहेरची पाठ गोलाकार असते, त्यामुळे पाया थोडा तिरका असला तरी बेअरिंग शाफ्टच्या रेषेत स्वतः वळून बसतं. स्वतःहून रेषेत येणाऱ्या बेअरिंगची कल्पना अशाच तक्रारीतून आली. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत मऊ जमिनीमुळे पाया खचायचा, शाफ्ट रेषेतून जायचे आणि बेअरिंगं सारखी जायची. तिथला अभियंता स्वेन विंगक्विस्ट याने १९०७ मध्ये स्वतः वळणारं दोन ओळींचं बॉल बेअरिंग काढलं, आणि त्यातूनच एसकेएफ कंपनी उभी राहिली.

पण यूसीचं हे वळणं बसवतानापुरतं आहे, चालताना हलणारा ब्लॉक ते सांभाळत नाही. आधी ब्लॉकचे पायाचे बोल्ट आवळा, मग शाफ्ट हाताने फिरवून बेअरिंग रेषेत येऊ द्या, शेवटी रिंगवरचे दोन ग्रब स्क्रू आवळा. उलट क्रमाने केलं तर बेअरिंग तिरकं अडकतं. गुळगुळीत झिजलेल्या शाफ्टवर ग्रब स्क्रू कितीही आवळले तरी सुटतात.

दगडांमधलं अंतर स्क्रूने कमी केलं की शाफ्टवर आडवा रेटा येतो, तो घ्यायला थ्रस्ट बेअरिंग असतं. त्याच्या दोन चकत्या सारख्या दिसतात, पण एकीचं भोक साधारण २ मिमी मोठं असतं. लहान भोकाची शाफ्टबरोबर फिरते, मोठ्या भोकाची स्थिर बाजूला बसते. उलटी बसवली तर चकती शाफ्टला घासते आणि पहिल्याच दिवशी तापते. दाणे संपल्यावर दगड सोडवायला उशीर झाला की दगडाला दगड लागतो, त्याचा मारही याच बेअरिंगवर येतो.

दोन गोष्टी ज्या कुणाच्या लक्षात येत नाहीत

हॉपरला किंवा सांगाड्याला वेल्डिंग करताना अर्थची क्लिप मोटरच्या बॉडीला किंवा पुलीला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो. गोळी टेकते तिथे ठिणगी पडून बारीक खड्डे होतात. क्लिप जिथे वेल्डिंग आहे तिथेच, हातभर अंतरावर लावा.

आणि नकली माल. खोक्यावरची छपाई आता हुबेहूब करतात, त्यामुळे ती बघून काही कळत नाही. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्या, बेअरिंगवरचा नंबर रिंगवर कोरलेला आणि बोटाने न पुसणारा आहे का ते बघा. एसकेएफसारख्या कंपन्यांचं तपासणीचं अॅप आहे, त्यात फोटो टाकता येतो. अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर घेऊ नका.

चालू केल्यावर

पट्टे न चढवता मोटर अर्धा तास चालवा. उघडं बेअरिंग असेल आणि ग्रीस नवं असेल तर पहिल्या तासात ते जरा तापतं आणि मग ग्रीस कडेला सरकलं की खाली येतं. वर चढतच राहिलं तर ग्रीस जास्त झालंय किंवा बेअरिंग आवळलं गेलंय. पट्टे चढवून दळण सुरू केल्यावर दोन-तीन तासांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंचं तापमान घ्या. खोलीच्या तापमानापेक्षा ३० ते ४० अंश जास्त चालतं. ८५ च्या वर गेलं तर बंद करा आणि शोधा. पुलीकडची बाजू पंख्याकडच्या बाजूपेक्षा थोडी गरम राहणारच, पण फरक २० अंशांच्या वर असेल तर पट्टा पुन्हा तपासा.

मोटरच्या बॉक्समध्ये एक कार्ड ठेवा: तारीख, बेअरिंगचा पूर्ण नंबर सी३ आणि २आरएससह, शाफ्टचं मायक्रोमीटरचं माप, हाऊसिंगचं माप, ग्रीसचं नाव आणि पहिल्या दिवसाची दोन्ही तापमानं. दर सोमवारी दळण सुरू होण्याआधी, मोटर रिकामी चालत असताना, तोच स्क्रूड्रायव्हर त्याच जागी टेकवून ऐका.